प्रति: बाबांच्या रक्तात सापडलेला जीवाणू

ताई, डायलिसिस सुरू झालं की बाबांना हुडहुडी भरते आणि रक्ताच्या कल्चरमध्ये (जीवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) स्टेनोट्रोफोमोनास हा जीवाणू आला, असं तुम्ही लिहिलंत. वर कुणी म्हणालंय, 'इतका दुर्मीळ म्हणजे रिपोर्टच चुकला असेल.' कृपा करून त्यावर विसंबू नका.

हा जीवाणू नळ, सिंक, शॉवर अशा ओल्या जागी राहतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पण डायलिसिससाठी मानेत बसवलेल्या नळीत शिरला की आतून चिकट थर धरून बसतो. मशीन सुरू होऊन नळीतून रक्त वाहू लागलं की थरातले जीवाणू सुटतात, म्हणून थंडी नेमकी तेव्हाच वाजते.

मेरोपेनेम या अँटिबायोटिकला तो जात्याच दाद देत नाही, त्यामुळे 'भारी' इंजेक्शन चालू असूनही ताप राहू शकतो. कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक बहुतेकदा लागू पडतं, मात्र त्यानं रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. डोस नेफ्रॉलॉजिस्टनंच (किडनीच्या डॉक्टरांनीच) ठरवावा. त्यांना एक विचारा: नळीतून आणि हातातून एकाच वेळी रक्त घेतलं होतं का? नळीच्या नमुन्यात जीवाणूंची वाढ हाताच्या नमुन्यापेक्षा २ तास किंवा त्याहून जास्त आधी दिसली, तर संसर्गाचं मूळ नळीतच असण्याची शक्यता मोठी. मग बहुधा ती काढावीच लागते.

आपल्या गोव्याच्या पावसात नळीवरचं ड्रेसिंग सुकं राहणं कठीण. कड पांढुरकी होऊन उचलली की चवथीची गडबड असली तरी त्याच दिवशी सेंटरवर बदलून घ्या. विहिरीचं असो वा नळाचं, पाणी मानेवरून घेऊ नका, अंग पुसून काढा.

हातात फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडण्याची शस्त्रक्रिया) करायचं काही ठरलंय का?