प्रोस्टेटच्या एमआरआयमध्ये पाय-रॅड्स ४ आलंय. डाग दिसला, मग बायोप्सी कशाला?

केतकी_म: बाबा ६६ वर्षांचे. प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, पीएसए ७.२, पुन्हा केला तरी तेवढाच. एमआरआयमध्ये प्रोस्टेट ग्रंथी ३८ मिली, डाव्या बाजूला कडेच्या भागात ११ मिमीचा डाग, पाय-रॅड्स ४, म्हणजे कॅन्सरच्या संशयाची पाचपैकी चौथी पायरी. डॉक्टर फ्यूजन बायोप्सी, म्हणजे एमआरआयच्या आधाराने सुईने तुकडे घेऊ म्हणतात. बाबा अडून बसलेत: "डाग दिसलाय ना, मग सुया कशाला? आणि टोचायच्याच तर डागातच टोचा, बाकीकडे कशाला?" काय सांगू त्यांना?

छायाप्रकाश: मी रेडिओलॉजिस्ट, असे रिपोर्ट रोज लिहितो. पाय-रॅड्स ४ म्हणजे संशय दाट आहे, एवढंच. जुनी सूजही कधीकधी हुबेहूब अशीच दिसते. कॅन्सर आहे का आणि असला तर किती आक्रमक, म्हणजे ग्लीसन किती, हे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. शिवाय ७.२ भागिले ३८ म्हणजे ०.१९. ही पीएसए डेन्सिटी ०.१५च्या वर असली की संशय वाढतो. मी तरी थांबा म्हणणार नाही.

एमआरआय आधी झाला हे उत्तम. पूर्वी सोनोग्राफीवर ग्रंथी दिसायची, डाग बहुतेकदा नाहीच. मग ठरलेल्या १०-१२ जागी सुया. २०१८च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते. उपचार लागेल असा कॅन्सर एमआरआयच्या गटात ३८ टक्क्यांना सापडला, जुन्या पद्धतीत २६. निरुपद्रवी कॅन्सर मात्र ९ विरुद्ध २२, म्हणजे नसती काळजीही कमी.

बाबांचा दुसरा प्रश्न बिनतोड आहे, आमच्यातही त्यावर वाद चालतात. फ्यूजनमध्ये एमआरआयवर आखलेली डागाची कड चालू सोनोग्राफीच्या चित्रावर बसवतात. माणूस जरा हलला, प्रोबने ग्रंथी दाबली गेली, की कड दोन-तीन मिमी सरकते. ११ मिमीच्या डागात तेवढं पुरे होतं चुकायला. म्हणून डागात काही, त्याच्या आजूबाजूला काही. शिवाय काही कॅन्सर एमआरआयला दिसतच नाहीत. नेमक्या किती सुया आणि कुठे, हे बायोप्सी करणाऱ्यांनाच विचारा.

आबा_७०: माझी झालीये. गुदद्वारातून नाही, अंडकोषामागच्या त्वचेतून. त्यात जंतुसंसर्गाची भीती कमी. जागा बधिर केली होती. दुखण्यापेक्षा त्या यंत्राचा 'खट्' आवाज दचकवतो. लघवीत थोडं लाल दिसलं, वीर्यात तर बरेच दिवस. आधी सांगून ठेवा, नाहीतर माणूस हबकतो. माझा निकाल ग्लीसन ३+३, म्हणजे सौम्य. ऑपरेशन नाही, नुसती नजर ठेवलीये. ताप, थंडी किंवा लघवी अडली तर मात्र सरळ हॉस्पिटल गाठायचं.

केतकी_म: आभार. हिशेब दाखवला तेव्हा जरा नरमलेत. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, ती बंद करायची का?

छायाप्रकाश: आपल्या मनाने अजिबात नाही. बायोप्सी करणाऱ्यांना आजच कळवा, ते आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. आणि जाताना एमआरआयची सीडी न्या. नुसत्या कागदावरून कड आखता येत नाही.