नाकात लाल गोळा, आता डोळ्याच्या कोपऱ्यातही सूज

प्रश्न:
धाकटा भाऊ वाळू उपसायचं काम करतो, दिवसभर पाण्यात. एकाच नाकपुडीतून सारखा घोळणा फुटायचा. दुर्बिणीने पाहिलं तर आत मऊ लाल गोळा, तपासणीत 'ऱ्हायनोस्पोरिडिओसिस' नावाचा, जंतूमुळे होणारा आजार निघाला. आता त्याच बाजूला डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी फुगवटा आलाय, दाबला की लालसर पाणी येतं. दुखत नाही. हा कॅन्सर तर नाही ना? घरातल्या मुलांना लागेल का?

उत्तर:
कॅन्सर नाही. माणसापासून माणसाला लागतो असंही आढळलेलं नाही. ताट-टॉवेल वेगळे करून पोराला उगाच वाळीत टाकू नका.

उत्तर:
माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघण्यात झाली. हा जंतू एकदा पाहिला की विसरत नाही: जाड भिंतीच्या गोल पिशव्या, आत बीजाणू ठासून भरलेले. गोळ्यावर जे पांढरे ठिपके दिसतात ते याच पिशव्यांचे. १९०० साली ब्युनोस आयर्समध्ये सीबर या संशोधकांनी त्याचं वर्णन केलं. पुढे बरीच दशकं सगळे त्याला बुरशी समजत होते. जनुकं तपासल्यावर कळलं, हा माशांच्या परजीवींचा भाऊबंद. त्यामुळे बुरशीवरच्या औषधांवर भिस्त ठेवू नका. नेहमीच्या कल्चरमध्येही (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात) तो उगवत नाही, तेव्हा 'कल्चर निगेटिव्ह' वाचून हुरळून जाऊ नका.

सर्वांत जास्त रुग्ण भारत-श्रीलंकेतले, त्यात तळ्यात डुंबणारे आणि नदीत वाळू काढणारे बरेच.

डोळ्याचं मात्र लांबवू नका, अश्रूपिशवीत शिरलेलं दिसतंय. अश्रूंची वाट मोकळी आहे का बघायला सुईने सोडलेलं पाणी घशात उतरलं, तरी अश्रूपिशवी निरोगी आहे असं होत नाही. बऱ्याचदा पिशवीच काढतात. नाकाचे आणि डोळ्यांचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. गोळा मुळासकट काढून बूड जाळतात, नाहीतर पुन्हा उगवतो. नंतर डॅप्सोन हे औषध दिलं तर आधी रक्तातलं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम तपासून घ्या. ते एन्झाइम कमी असेल तर या औषधाने रक्तपेशी फुटतात.

प्रश्नकर्ता:
आभार. पाण्यात उतरणं कायमचं बंद का? पोट त्यावरच आहे.

उत्तर:
मलाही हा आजार झाला होता, नाकात. ऑपरेशननंतर बरा होतो म्हणून पुन्हा तळ्यात पोहायला लागलो आणि गोळा परत आला. त्याला काठावरचं काम मिळतंय का बघा, चाळायचं किंवा भरायचं. उतरावंच लागलं तर निदान बुड्या मारू देऊ नका. आणि काही त्रास नसला तरी दुर्बिणीची तपासणी चालू ठेवा, माझा दुसरा गोळा नुसता आरशात दिसला नसता.