मदत हवी आहे : आईला शुगर आहे आणि तिला सगळं कच्चंच खायचंय

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहायलेय. आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत आणि आता तिनं रॉ फूड डाएटचं मनावर घेतलंय, म्हणजे साधारण ४८ डिग्रीच्या वर तापवलेलं काहीच खायचं नाही, भाकरी बंद, वरण बंद, चहा पण बंद. मी पण सोबत करणारय, एकटीनं असलं काही टिकत नसतं.

मला खरी भीती गोळ्यांची आहे. ज्वारीची भाकरी एकदम सुटली आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर लो होणार ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करणार नाही, पण कोणी केलं असेल तर डोस कसा बदलला, हळूहळू केलं का, ते सांगा.

दुसरं मोडाचं. मेथीचा, करडईच्या कोवळ्या पानांचा घोळाणा आपण हिवाळ्यात खातोच, कच्चाच, तेल अन् दाण्याचा कूट घालून, त्याची अडचण नाही. पण उन्हाळ्यात इथं पारा ४२ च्या वर जातो, फडक्यात बांधलेली मटकी मोड यायच्या आतच चिकट होते, आंबूस वास मारते. अशी कच्ची खायला द्यायची माझी हिंमत नाही. फ्रिजात मोड आणता येतात का?

कच्चा राजमा विषारी असतो हे माहितेय, कच्चं दूधही देणार नाही. मग दूधच बंद म्हटल्यावर व्हिटॅमिन बी१२ चं कसं करायचं, गोळीच घ्यावी लागेल का?

प्लीज, अनुभव असेल त्यांनीच सांगा.