पेट्रोस सोलोमन : मंत्रीही, कैदीही
पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियाच्या सरकारने कैदेत टाकलेल्या पेट्रोस सोलोमन यांच्याबद्दल 'तेही त्याच सरकारात मंत्री होते, मग सहानुभूती कसली?' असं कुणी विचारलं, तर तो मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. एरिट्रियात १९९१ नंतर जी एकपक्षीय सत्ता उभी राहिली, तिच्या उभारणीत त्यांचा हात होताच. इथिओपियापासून स्वातंत्र्य मिळवण्याच्या लढ्यात ते एरिट्रियाच्या मुक्ती आघाडीचे बिनीचे सेनानी आणि लष्करी गुप्तवार्ता प्रमुख. स्वातंत्र्यानंतर संरक्षण, परराष्ट्र आणि शेवटी मत्स्योद्योग अशी खाती. (परराष्ट्रातून मासेमारीकडे, यात काय ते समजा.)

पण मे २००१ मध्ये पक्षातल्या ज्या १५ ज्येष्ठांनी राष्ट्राध्यक्ष इसायास अफवेर्की यांना जाहीर पत्राने जाब विचारला, त्यांत हेही होते. मागणी काय, तर १९९७ ची संमत राज्यघटना अमलात आणा, निवडणुका घ्या. १८-१९ सप्टेंबरला पेट्रोस यांच्यासह त्यांतले ११ जण उचलले गेले, स्वतंत्र वृत्तपत्रंही त्याच वेळी बंद. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे जगाचं सगळं लक्ष तेव्हा न्यूयॉर्ककडे होतं. ना आरोपपत्र, ना खटला, ना कुटुंबाची भेट.

मला जास्त अस्वस्थ करते ती त्यांच्या पत्नीची, अस्तेर योहानेस यांची गोष्ट. त्याही माजी लढवय्या. अमेरिकेत शिकत होत्या. चार मुलं राजधानी अस्मारात, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये परतल्या आणि विमानतळावरूनच त्यांना नेलं. मुलं बाहेर वाट बघत होती. त्यांनी तर त्या पत्रावर सहीही केली नव्हती.

त्याच्या महिनाभर आधीच आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने त्या ११ जणांची कैद बेकायदा ठरवली होती. अस्मारातल्या सरकारने ढिम्म दाद दिली नाही.