कोळंबीची डोकी, माशांची आतडी: एन्झाइम बाटलीत भरायचं की टाकीतच वापरायचं?

दिवाळे_काठ
तळोजा एमआयडीसीत कोळंबी सोलली की डोकी भरून टेम्पो फिशमीलला (मासळी शिजवून भुकटी करणाऱ्या कारखान्याला) रवाना. अख्ख्या कोळंबीचं ३५ ते ४५ टक्के वजन डोक्यातच असतं आणि पाचक एन्झाइमही तिथेच. माशांच्या आतड्यांचीही तीच गत. फिशमीलवाला सगळं शिजवतो, म्हणजे एन्झाइम मेलं. माझं मत, इथे अर्क काढणारं छोटं युनिट हवंच.

ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं तोडणारं पाचक एन्झाइम, त्याची कृती अवघड नाही. आतडी निघाल्या निघाल्या बर्फात. पित्ताची पिशवी आधी अलगद काढायची. फुटली की अर्क हिरवा होतो आणि चरबी दुधाळ होऊन वेगळी होत नाही. मग वाटून वजनाच्या चौपट थंड ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ८, सोबत १० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड. ४ अंशांवर तासभर ढवळून सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र). वरची चरबी काढून अर्कात प्रथिनं गाळ होऊन बसावीत म्हणून अमोनियम सल्फेट ३० टक्के संपृक्ततेपर्यंत, हा गाळ फेकायचा. पुन्हा ६० टक्क्यांपर्यंत, तो गाळ ठेवायचा, ट्रिप्सिन त्यातच.

सीईटीपीचा_शेजारी
कृती प्रयोगशाळेची आहे हो. हिशोब करा: लिटरभर अर्काला आधी सुमारे १६५ ग्रॅम, मग १८० ग्रॅम सल्फेट. त्यात २१ टक्के नायट्रोजन, म्हणजे लिटरमागे ७० ग्रॅमच्या वर. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात अमोनियाकल नायट्रोजनची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. हे पाणी कोणाच्या गळ्यात मारणार? कासाडी नदीने आधीच पुष्कळ सोसलंय.

मेंब्रेनवाला
अमोनियम सल्फेट हवंच कशाला? १० किलोडाल्टनची (रेणूच्या वजनाचं माप) अल्ट्राफिल्ट्रेशन मेंब्रेन, म्हणजे अतिबारीक गाळणी, लावा. ट्रिप्सिन साधारण २४ चं, ते मागे राहतं. मीठ आणि बारीक पेप्टाइड निघून जातात. फक्त चरबी आधी नीट काढा, नाहीतर पहिल्याच बॅचला मेंब्रेन चोंदते. आणि मेंब्रेन धुताना ॲसिड वापरलं तर ते पूर्ण निघाल्याशिवाय पुढचा अर्क सोडू नका. माशाचं ट्रिप्सिन गाईगुरांच्या ट्रिप्सिनसारखं आम्लात तग धरत नाही, पीएच ५ च्या खाली गेलं की संपलं.

टाकी_५०_अंश
मेंब्रेन चालेल, पण बाटली घेणार कोण? प्रोटिएजच्या (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमच्या) बाजारात बॅसिलस जिवाणूचं एन्झाइम टनांनी येतं, स्वस्त आणि दर बॅचला सारखं. आतड्यांचं तसं नसतं. मासा पोट भरून पकडला की रिकाम्या पोटी, यावरसुद्धा ताकद बदलते. थंड समुद्रातल्या कोळंबीचं अल्कलाइन फॉस्फटेज हे दुसरं एन्झाइम विकलं गेलं, कारण ६५ अंशांवर ते झटकन मरतं आणि डीएनएच्या कामात तेच हवं असतं. आता तेही यीस्टमध्ये जीन घालून बनतं. आपली व्हॅनामी कोळंबी गरम पाण्यातली, तिच्याकडून तो गुण कसा मिळणार?

त्यापेक्षा एन्झाइम बाहेर काढूच नका. ताजी डोकी दळा, तेवढंच पाणी घाला, पीएच ८ च्या आसपास, ५० अंश, ३-४ तास सतत ढवळा. प्रथिनं आपोआप सुटतात. मग ९० अंशांवर १५ मिनिटं, नाहीतर एन्झाइमचं काम थांबत नाही आणि हायड्रोलायसेट (सुटलेल्या प्रथिनांचं पाणी) कडू होतं. गाळलेलं पाणी खाद्याला, उरलेली साल कायटिनला (कवचातला कडक पदार्थ). सालीवर थोडी प्रथिनं राहतातच, पण ती काढायला कॉस्टिक सोडा कमी लागतो.

दिवाळे_काठ
म्हणजे एन्झाइमचा उपयोग तुम्हालाही मान्य, वाद फक्त बाटलीचा! पण टाकीतही तीच बोंब आहे: डोकी दोन तास उन्हात राहिली की एन्झाइमच्या आधी जिवाणूच काम उरकतात. काळे डाग पडू नयेत म्हणून मेटाबायसल्फाइट मारलेली डोकी आली, तर सल्फाइट थेट खाद्यात. आणि बांगडा-कुप्याची आतडी त्यात टाकू नका. त्यात हिस्टामाइन हे विषारी द्रव्य एकदा तयार झालं की ९० अंशांनीही जात नाही.

टाकी_५०_अंश
मान्य, माशांची टाकी वेगळीच. पण बर्फाचा खर्च दोघांनाही सारखाच. उरलेला सेंट्रिफ्यूज, मेंब्रेन आणि फ्रीज-ड्रायर (गोठवून सुकवणारं यंत्र) तुमच्या खात्यावर.

मेंब्रेनवाला
फ्रीज-ड्रायर वगळा. ग्लिसरॉल घालून द्रवरूपातच विका. गिऱ्हाईक चामड्याचं की कोलॅजनचं, तेवढं आधी ठरवा. त्यावर शुद्धता ठरते.