पक्षी, जंगल आणि मारबत: सव्वा लाखात पहिला कॅमेरा व लेन्स कशी निवडावी?

अंबाझरीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. छंद म्हणून छायाचित्रण करण्यासाठी पहिला कॅमेरा घ्यायचा आहे आणि लेन्स धरून सव्वा लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. नागपुरातील अंबाझरी आणि गोरेवाडा परिसरातील पक्षी, वर्षातून एखाद्-दुसऱ्या वेळी उमरेड-पवनी-कऱ्हांडला किंवा ताडोबा येथील जंगल सफारी, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची (मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक हे माझे विषय आहेत. आजवर सगळे मोबाईलवरच केले. मिरवणूक मोबाईलने बऱ्यापैकी टिपता येते. पण तलावातल्या खोडावर पंख पसरून बसलेला पाणकावळा म्हणजे छायाचित्रात एक काळा ठिपका उरतो, आणि ताडोब्यात तर सफारीत मोबाईल वापरायलाच बंदी आहे.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) चौकशी केल्यावर तीन नावे पुढे आली: कॅनन ईओएस आर१०, सोनी ए६४०० आणि निकॉन झेड५० टू. दुकानदार प्रामुख्याने मेगापिक्सेल आणि व्हिडिओ यांवर बोलतात. व्हिडिओत मला फारसा रस नाही. शिवाय माझ्या मामेभावाकडे निकॉनच्या दोन जुन्या लेन्स पडून आहेत, एक ७०-३०० मिमी एफ/४-५.६ डी आणि दुसरी ५० मिमी एफ/१.८ डी. तो त्या मला देण्यास तयार आहे, त्यामुळे मन निकॉनकडे झुकते आहे. हा विचार योग्य आहे का, आणि या तिन्हींत निवड नेमकी कशावरून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

रोलफिल्म

मामेभावाच्या लेन्सचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण त्यावरून आपण कंपनी ठरवायला निघाला आहात. नावातील ‘डी’ हे अक्षर असलेल्या या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. कॅमेऱ्याच्या आतील मोटर एका लहानशा दांड्याने लेन्सचे स्क्रू फिरवत असे. झेड५० टू वर त्या बसवण्यासाठी निकॉनचे एफटीझेड अडॅप्टर लागेल, आणि त्या अडॅप्टरमध्येही ती मोटर नाही. म्हणजे लेन्स बसेल, प्रकाशमापन होईल, पण फोकस हातानेच करावा लागेल. स्थिर विषयासाठी ५० मिमी अशी वापरायला मजा येते. मात्र उडत्या वेड्या राघूवर ७०-३०० हाताने फोकस करणे हा नवशिक्याच्या उत्साहावर पाणी टाकण्याचा खात्रीचा मार्ग आहे. एएफ-एस आणि एएफ-पी प्रकारच्या लेन्स असत्या, तर त्यांच्यात स्वतःची मोटर असल्यामुळे माझे उत्तर वेगळे असते. तेव्हा लेन्स जरूर घ्याव्यात, मामेभावाला चहा पाजावा, पण त्यांच्यासाठी निकॉन घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. आपल्या तीन विषयांपैकी मारबत कोणताही कॅमेरा काढील. तिन्ही बॉडींचे सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) एपीएस-सी या मध्यम आकाराचे आहेत, त्यांचे गुणही जवळपास सारखे आहेत, आणि २४ व २१ मेगापिक्सेलमधला फरक भिंतीवर लावलेल्या प्रिंटमध्येही सहसा कळत नाही. फरक पडतो तो पक्ष्यांसाठी लागणाऱ्या लांब लेन्समध्ये. म्हणून आधी आपल्या पैशांत बसणारी आणि आपल्या खांद्याला झेपणारी लांब लेन्स कोणती, हे पाहावे आणि ती ज्या माउंटवर (बॉडीला लेन्स जोडण्याच्या खाचेवर) मिळते ती बॉडी घ्यावी. दुकानात हा क्रम नेहमी उलटा असतो.

तिन्ही कंपन्यांच्या हलक्या लांब लेन्स अशा आहेत. कॅननची आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८, वजन ६३५ ग्रॅम. सोनीची ७०-३५० मिमी एफ/४.५-६.३ जी, वजन ६२५ ग्रॅम. निकॉनची झेड डीएक्स ५०-२५० मिमी एफ/४.५-६.३, वजन ४०५ ग्रॅम. कॅननच्या शेवटच्या टोकाचा एफ/८ हा आकडा पाहून (एफ-आकडा मोठा तितका प्रकाश कमी) पुष्कळ जण दचकतात आणि ६.३ वाली लेन्स उजवी ठरवून मोकळे होतात. त्याऐवजी एक साधा भागाकार करावा: फोकल लेंग्थला (लेन्सच्या मिमीच्या आकड्याला) एफ-आकड्याने भागले की लेन्सच्या प्रकाशद्वाराचा व्यास मिळतो, आणि दूरच्या एकाच पक्ष्याकडून किती प्रकाश गोळा होणार हे त्या व्यासावर ठरते. कॅननचा व्यास ५० मिमी, सोनीचा सुमारे ५५ मिमी, निकॉनचा सुमारे ४० मिमी. म्हणजे पहिल्या दोन लेन्स जवळपास बरोबरीच्या आहेत आणि तिसरी बरीच मागे आहे, कारण व्यासाचा वर्ग केला की ४० आणि ५० मधले अंतर दीडपटीहून जास्त होते. याच हिशेबाने कॅननची स्वस्त ५५-२१० मिमी एफ/५-७.१ ही लेन्स जेमतेम ३० मिमीची आहे. दुकानदार दोन लेन्सचे किट म्हणून ती बॉडीबरोबर आग्रहाने देऊ करतात. पक्ष्यांसाठी ती घेऊ नये.

माझे मत सांगायचे तर आर१० ऐवजी त्याहून स्वस्त आर५० घ्यावा, सोबत १८-४५ मिमीची किट लेन्स घ्यावी आणि वाचलेले पैसे १००-४०० मध्ये घालावेत. आर५० ला जॉयस्टिक नाही, चाक एकच आहे आणि सलग चित्रे घेताना त्याची मेमरी लवकर भरते, हे खरे आहे. तरीही आर१० वर २१० मिमी यापेक्षा आर५० वर ४०० मिमी हा संच आपल्या कामाला अधिक येईल. दोन्ही बॉडींत सेन्सरचे स्थिरीकरण (हाताचा कंप शोषण्याची सोय) नाही, म्हणून लेन्समध्ये ते असणे आवश्यक आहे. १००-४०० मध्ये ते आहे.

पहाटेची_जिप्सी

वरील भागाकार मला मान्य आहे, पण तलाव आणि जंगल यांत फरक करायला हवा. अंबाझरीला आपण सकाळी आठ वाजता लख्ख उन्हात उभे असता, तेथे एफ/८ ने काहीही अडत नाही. कऱ्हांडल्यात मात्र जनावर दिसण्याची शक्यता अधिक असते ती गेट उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात, आणि तेव्हा सागवानाखाली उजेड फार कमी असतो. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/८ वर निम्माच प्रकाश येतो, म्हणजे तोच शटर स्पीड राखायचा तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) दुप्पट करावा लागतो. जेथे ३२०० वर भागले असते तेथे ६४०० लागेल. चालत्या वाघासाठी १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ नये, कारण लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप शोषते, वाघाची हालचाल थांबवत नाही. चित्रे रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घेतली तर ६४०० वरचा नॉइज (चित्रातील दाणे) आजच्या सॉफ्टवेअरने बराच आटोक्यात येतो, त्यामुळे १००-४०० घेऊन जंगलात जाऊच नये असे मी म्हणणार नाही. अपेक्षा मात्र त्या मानाने ठेवावी.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या उन्हाळ्याची. वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून सगळे एप्रिल-मेमध्ये सफारी ठरवतात. नऊ-साडेनऊनंतर जमीन तापली की हवेत झळा उठतात आणि दीडशे-दोनशे मीटरवरचे जनावर कितीही महागड्या लेन्समधून लिबलिबीतच येते. अनेक जण त्याचा दोष लेन्सला देऊन ती विकायला काढतात. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे अंतर कमी असेल तेव्हाच चित्र घेणे; फोकल लेंग्थ वाढवल्याने झळाही तितक्याच मोठ्या दिसतात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेली असते आणि मे महिन्यात आपला पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा कॅमेरा बंद गाडीत किंवा जिप्सीच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवू नये, पांढऱ्या सुती कापडाखाली ठेवावा.

जिप्सीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. तांदूळ भरलेली जाड कापडाची पिशवी दांडीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगावे. इंजिन चालू असताना पिशवीतूनही थरथर पोहोचते. धुळीच्या रस्त्यावर लेन्स बदलूच नये. याच कारणासाठी मी सोनीचा विचार पुन्हा करायला सांगेन: ७०-३५० ची सुरुवात ७० मिमीपासून होते, आणि रस्त्यावर दहा मीटरवर गवा आला तर १०० मिमीवर तो पूर्ण चौकटीत मावत नाही. शिवाय सोनीचा ई-माउंट २०१० पासून बाजारात आहे, त्यामुळे सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सही त्यावर भरपूर आहेत आणि जुन्या बाजारात त्या सहज मिळतात. कॅननने आरएफ माउंट एपीएस-सी लेन्सपुरता या दोघांना २०२४ मध्ये खुला केला, त्यामुळे तेथे निवड अजून कमी आहे. ए६४०० २०१९ चा असला, तरी पक्ष्यांवरचा त्याचा फोकस आजही कमी पडत नाही. त्याची बॅटरी मात्र लहान आहे, एक जादा ठेवावीच लागते.

इतवारी_चौक

मी थोडा विरोधी सूर लावतो. वर्षातून दोन सफारींसाठी लांब लेन्स विकत घेण्याची गरजच काय? लग्नाचे काम करणाऱ्या छायाचित्रकारांना उपकरणे भाड्याने देणारे आपल्या शहरात आहेत, त्यांच्याकडे मोठ्या झूम दिवसाच्या भाड्याने मिळतात. मी स्वतः वापरलेला निकॉन डी७५०० घेतला आहे. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणलेला नाही, लोक मिररलेसकडे (वरच्या तिन्हींसारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे) वळत आहेत आणि त्यामुळे चांगल्या बॉडी व लेन्स निम्म्याहून कमी किमतीत निघत आहेत. विशेष म्हणजे डी७५०० मध्ये फोकसची मोटर आहे, म्हणजे मामेभावाच्या दोन्ही लेन्स त्यावर ऑटोफोकससह चालतील. पुढे जमल्यास निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६ वापरलेली घ्यावी, वजन २.३ किलो आहे, पण वरच्या भागाकाराने पाहिले तर ती ८९ मिमीची आहे.

मारबतीसाठी मी ५० मिमी वापरून पाहिली आणि ती महाल-इतवारीच्या गल्ल्यांत फार लांब पडते. मागे सरकायला जागा नसते, पिवळी मारबत अंगावर येते आणि चौकटीत फक्त तिचे नाक मावते. तेथे किटमधल्या लेन्सचा १८ मिमीचा भाग आणि एफ/८ हेच बरे. पावसासाठी प्लास्टिकची पिशवी सोबत असू द्यावी.

अंबाझरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भागाकाराची रीत मला कोणत्याही दुकानात कळली नसती. निकॉनच्या जुन्या लेन्सचा मोह आता सुटला आहे. डी७५०० चा विचार आकर्षक वाटतो, पण वजनाचा प्रश्न आहे. सकाळी फिरायला जाताना खांद्यावर सहज राहील तेच माझ्याकडून वापरले जाईल, हे मला माहीत आहे. त्यामुळे कॅनन आर५० अधिक १००-४००, किंवा वापरलेला ए६४०० अधिक ७०-३५०, या दोन पर्यायांवर आलो आहे. वापरलेले घेताना काय तपासावे? आणि नवीन घेतले तर एका दुकानात बिल न घेतल्यास बरीच सूट देऊ केली आहे, ती स्वीकारावी का?

रोलफिल्म

बिलाशिवाय घेऊ नये. अशी सूट बहुधा परस्पर बाहेरून आणलेल्या मालावर असते आणि त्याला भारतातील वॉरंटी मिळत नाही. खोक्यावर आयातदाराचे नाव व कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी, आणि बिलावर बॉडी व लेन्स या दोन्हींचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत. खोक्यावरचा अनुक्रमांक आणि बॉडीखालचा अनुक्रमांक दुकानातच जुळवून पाहावा.

वापरलेल्या लेन्समध्ये सर्वांत आधी बुरशी पाहावी. अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाशद्वार) पूर्ण उघडून एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. काचेवर कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर किंमत कितीही उतरवली तरी परत यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि जुलै ते सप्टेंबर कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात पडून राहतो, बुरशी तेव्हाच धरते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलची पाकिटे आणि छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा.

बॉडीसाठी एफ/१६ वर निरभ्र आकाशाचे चित्र घेऊन संगणकावर मोठे करून पाहावे, सेन्सरवरची धूळ आणि ओरखडे त्यात दिसतात. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. लेन्स शेवटच्या टोकाला नेऊन चारही कोपरे तपासावेत. एक कोपरा इतरांपेक्षा स्पष्टपणे मऊ असेल तर ती कधीतरी पडलेली असण्याची शक्यता आहे.

पहाटेची_जिप्सी

कॅननकडे वळलात तर एक पुरवणी. १००-४०० च्या खोक्यात हूड (लेन्सच्या तोंडाला लावायची झडप) येत नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. दुकानदाराला किंमत ठरवतानाच तो त्यात घालायला सांगावे, नंतर कोणी देत नाही. ६७ मिमीचा फिल्टर मात्र आग्रह झाला तरी घेऊ नये, हूड पुरेसे संरक्षण देतो. आणि ही लेन्स ४०० मिमीवर साधारण एक मीटरपर्यंत फोकस करते व ०.४१ पट मोठे चित्र देते, म्हणून पावसाळ्यानंतर सेमिनरी हिल्सवर फुलपाखरांसाठीही ती वापरून पाहावी. वेगळ्या मॅक्रो लेन्सचा खर्च आणखी वर्षभर तरी पुढे ढकलता येईल.