मदत हवी आहे: नव्या सिस्टम कॉलचं मॅन पेज तपासताना नेमकं काय बघायचं?

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला आहे. आम्ही शीतगृहांचे कंट्रोलर बनवतो, गिऱ्हाईक बहुतेक पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्षवाले. आत 32 बिट एआरएम आणि लिनक्स. सेन्सरची वाट बघायला आमच्या कर्नलवाल्या सरांनी स्वतःचा सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, काम करून घ्यायची वाट) घातलाय आणि त्याचं मॅन पेज (वापराचं माहितीपान) माझ्याकडे आलंय. "इंग्रजी बघून घे, सोमवारी परत दे" एवढाच निरोप. इंग्रजी ठीकच आहे, घोडं अडलंय दुसरीकडे.

कॉलला तीन गोष्टी द्यायच्या: फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा नंबर), टाइमआउट, फ्लॅग्स (एकेका बिटाने पर्याय सांगणारा आकडा). फ्लॅग्सपुढे लिहिलंय, सध्या वापर नाही, शून्य द्यावा. मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला (ग्लिबसी या सी लायब्ररीत त्याचं तयार फंक्शन, म्हणजे रॅपर, नाही, म्हणून थेट कॉलचा नंबर देऊन) आणि मुद्दाम 128 दिले. कॉल बिनबोभाट पास! सरांना दाखवलं तर म्हणे, "पानात शून्य लिहिलंय ना? मग 128 देतंय कोण?" यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

टाइमआउटपुढे फक्त "वाट पाहण्याची मुदत". आतापासून इतके सेकंद, की अमुक वेळेपर्यंत? मध्येच सिग्नल आला तर? एररच्या यादीत ईइंटर (सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटल्याची एरर) नाहीच.

हे दोष पानाचे की कोडचे? आणि टेस्टरने हे शेऱ्यांत लिहावं का?

गोदाकाठ: लिहाच. 128 देणारा कोणीतरी निघतोच, चुकून, न भरलेल्या व्हेरिएबलमधून. आज चालून गेलं की उद्या त्या बिटला अर्थ देता येत नाही, जुने प्रोग्राम मोडतात. फाइल उघडणाऱ्या ओपन कॉलचं हेच झालं. ते अनोळखी फ्लॅगकडे दुर्लक्ष करतं. म्हणून कर्नल 3.11 मध्ये ओ_टीएमपीफाइल (बिननावाची तात्पुरती फाइल) हा फ्लॅग आणताना त्यात ओ_डिरेक्टरीचा (डिरेक्टरी असेल तरच उघड, या फ्लॅगचा) बिट मिसळावा लागला, जेणेकरून जुन्या कर्नलवर निदान एरर तरी यावी. शेवटी 5.6 मध्ये ओपनअॅट2 आलं, ते अनोळखी फ्लॅगला ईइन्व्हॅल (चुकीचा आकडा दिल्याची एरर) देतं. नवा कॉल कसा घालावा यावर कर्नलच्या स्वतःच्या कागदपत्रांत एक पान आहे, त्यातही हीच तपासणी सांगितली आहे. सरांना ते उघडून दाखवा, तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरं. दोष कोडचा आहे, पानामुळे उघडा पडला इतकंच.

दोन_नंबर_चहा: मला घड्याळाची जास्त धास्ती वाटते. लाइट गेली, परत आली, बोर्डवरची बॅटरी मेलेली. घड्याळ 1970 पासून सुरू होतं आणि नेट मिळालं की एकदम आजच्या तारखेवर उडी. मुदत क्लॉक रिअलटाइमवर (तारीख-वेळेच्या घड्याळावर) मोजली असेल तर तेवढ्यात टाइमआउट संपला म्हणून समजा. मोनोटॉनिक (तारखेशी संबंध नसलेलं, फक्त पुढे चालणारं घड्याळ) असेल तर या उडीने फरक पडत नाही. कोणतं ते पानावर यायलाच हवं. उरलेल्या वेळेचंही तसंच: लिनक्सवर सिलेक्ट (डेटाची वाट बघणारा कॉल) दिलेल्या स्ट्रक्चरमध्येच उरलेला वेळ लिहून ठेवतं, त्याचाच भाऊबंद पीसिलेक्ट त्या स्ट्रक्चरला हात लावत नाही. तुमचा कॉल काय करतो? आणि 32 बिट आहे, तर सेकंदांचा आकडा किती बिटांचा तेही विचारा. 32 असेल आणि मुदत तारीख-वेळेत असेल तर 19 जानेवारी 2038 ला भरला घडा.

सातपूरकर: मूळ प्रश्नच वेगळा आहे राव. एका उपकरणासाठी सिस्टम कॉल कशाला? डिव्हाइस फाइल (उपकरण फाइलसारखं उघडायची सोय) आणि तिच्यावर पोल (डेटा आला का ते बघणारा तयार कॉल) पुरलं असतं. यादीतला शेवटचा नंबर बघून पुढचा उचलला असेल, तर कर्नल अपग्रेड केल्यावर त्या जागी भलताच कॉल बसलेला दिसेल.

धागाकर्ता: सर्वांचे आभार. फ्लॅगचा शेरा दिला. ते पान दाखवल्यावर सर काही बोलले नाहीत, पण दुपारी पॅच आला. आता 128 दिले की ईइन्व्हॅल येतं. नंबरचं विचारलं, तर ते "नंतर बघू" खात्यात गेलं. घड्याळाचं विचारल्यावर मात्र "मोनोटॉनिकच असणार" म्हणत त्यांनी कोड उघडला, बराच वेळ स्क्रोल केलं आणि मला म्हणाले, "तू चहा घेऊन ये."

रिअलटाइम निघालं.